लीलाधरचा कलप

तापीकाठच्या शहरातल्या लालबागेतला लीलाधर एकसष्ट वर्षांचा झाला, पण ही बातमी त्यानं केसांपर्यंत पोहोचू दिली नव्हती. दर महिन्याला कलप लावून तो आरशापुढं अशा ऐटीत उभा राही, की वाटावं तापी याच्या सांगण्यावरून उलटी वाहू लागलीय. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आता इच्छापूरच्या मालतीबाई, शाळेत शिकवणाऱ्या, त्याच्यासारख्याच एकट्या, त्याला भेटायला तयार झाल्या होत्या. मध्यस्थाला त्यानं वय सांगितलं बावन्न.

भेट गुरुवारची. सोमवारी त्यानं दोनदा कलप चोपडला. एकदा लावून भरवसा वाटेना. मागच्या महिन्यात कानामागं खाज सुटली होती, तेव्हा त्यानं वांग्याच्या भरतावर आळ घेतला होता. बुधवारी उठला, तर डोळेच भरताच्या वांग्यासारखे टम्म.

चामडीच्या डॉक्टर दीपालीबाईंनी पाहताक्षणी विचारलं, "काका, कलप?"

"दहा वर्षं लावतोय. आताच कसा बाधेल?"

"कलपाचे कण चामडीतल्या प्रथिनांना चिकटतात. तिथल्या राखणदार पेशी असा कण चिकटलेला तुकडा मानेतल्या गाठींत नेऊन टी पेशींना, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या शिपायांना, दाखवतात. लाखांतल्या एखादीला तो परका म्हणून ओळखू येतो. मग ती आपल्यासारख्या हजारो तयार करते, आणि त्यातल्या काही तो तुकडा वर्षानुवर्षं विसरत नाहीत. पुढच्या वेळी दोन दिवसांत फौज हजर."

"त्यांना आवरणारं कुणी नाही?"

"आहे ना. काही टी पेशींचं कामच बाकीच्यांना आवरायचं. इतकी वर्षं त्यांनीच तुम्हाला सांभाळलं असेल. आता कलप बंद, कायमचा. आणि कानामागं थेंब लावून दोन दिवस थांबा, हे डबीवर लिहिलेलं असतं. वाचलंत कधी?"

डबीवरचा काळ्याभोर केसांचा तरुण तेवढा त्यानं वाचला होता.

गुरुवारी तो डोळ्यांच्या फटींतून वाट शोधत इच्छापूरला पोहोचला.

"तोंड कशानं सुजलं?" मालतीबाईंनी विचारलं.

"वांगं बाधलं."

"माझ्या भावालाही बाधलं होतं. डबीतलं. बरं, वय किती म्हणालात?"

डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला परका कण ओळखता येतो. लीलाधरला समोरच्या बाईची नजर ओळखता आली नाही.

"बावन्न."

मालतीबाईंनी कप त्याच्याकडं सरकवला. "तुमच्या शेजारणीनं मला एकसष्ट सांगितलेत. ते मला चालत होते. पण जन्मभर वांग्याची निमित्तं ऐकत बसायची माझी तयारी नाही. चहा घ्या. चारची बस मिळेल."