उंचवट्यावरची हवा

२०२२ साल. माझं वय त्र्याहत्तर, शिक्षण चौथी. मला चूक ठरवणारा माणूस आमच्या रहिमतपुराकडं कुणी पाहिला नव्हता. तो मिरजेत होता, आणि त्याच्याच घरात मी लेक दिली.

आमचे हे व्याही तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. एकाच नळातून तेल आणि वायू मिळून निघाले तर वाटेत दाब किती मरेल, हे जन्मभर वहीवर आधीच सांगत आले. दुसरी माणसं खिशात तंबाखू ठेवतात, हे दाब मोजायचं घड्याळ ठेवतात; झोपताना ते उशाखाली. एकदा रसाच्या गुऱ्हाळात बसून ग्लासात नळीनं फुंकत बुडबुडे न्याहाळत राहिले. रसवाल्यानं मला हळूच विचारलं, पाव्हण्यांना कुठलं औषध चालू हाय का? नातीच्या बारशाला पाळणा सोडून मोरीच्या नळाची गुडगुड ऐकत बसले होते. वर मलाच म्हणाले, "नळ खोटं बोलत नाही, दादा."

त्या उन्हाळ्यात नदी खाली गेली आणि माझा पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागला. माळावरच्या दोन एकर आल्याच्या पिकाला पाणी पोचेना, कोंब करपायला लागले. पाइपलाइन मी स्वतः डोळ्यानं माप धरून टाकलेली. वाटेत एक उंचवटा. त्यावर चढते, पलीकडं उतरते, मग माळाला जाते. उंचवट्यावर हवा सोडायचा व्हॉल्व्ह बसवा म्हणून लोकांनी लय सांगितलं, पण धडक्या पाइपाला भोक मी पाडू दिलं नाही. माझा हिशेब सरळ होता. चढताना पाण्याचा जेवढा दम जातो, तेवढा उतरताना परत मिळतो. आणि हवेनं तर पाणी हलकंच होतंय.

व्याही आले, पाइपाला कान लावून धोतरासकट मातीत पालथे पडले, मग वही काढली.

"नुसतं पाणी असतं तर तुमचं बरोबर होतं, दादा," ते म्हणाले. "पण उतारावर हवा वरनं बसते, पाणी खालनं ओघळतं. नळ भरतच नाही. मग पुढं ढकलणार कोण? चढावर गेलेला दम तिथंच गेला."

पंपापाशी चार किलो दाब आणि माळावर पाव, असं लिहून वही माझ्याच हातात दिली. मग दोन्हीकडं घड्याळ लावलं. चार आणि पाव. बांधावर चार शेजारी उभे होते, सगळे माझ्या तोंडाकडं बघत.

मी म्हणालो, "घड्याळ तुमचं. तुमी म्हणाल तेच दावणार."

व्याह्यांनी माझ्या हातातली वही घेऊन मिटली. रात्र माझ्या घरी काढली, पण सकाळी उठून चहा नको म्हणाले आणि मिरजेची गाडी धरली. इतकी वर्षं उणंदुणं काढलं, पण हा माणूस माझ्या घरनं चहा न घेता कधी गेला नव्हता. त्यांची गादी गुंडाळायला गेलो तर उशाखाली घड्याळ तसंच, आणि शेजारी कागदात बांधलेला नवाकोरा व्हॉल्व्ह. मिरजेहून निघतानाच आणलेला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद ठेवून उंचवट्यावर गेलो आणि माझ्या हातानं पाइपाला भोक पाडलं. व्हॉल्व्ह बसवून पंप चालू केला, तशी हवा फुसफुसत बाहेर आली. इकडंतिकडं बघून पाइपाला कान लावला. गुडगुड थांबली होती. आल्यात पाणी शिरलेलं बघितलं आणि मिरजेला फोन लावला.

म्हटलं, "पाव्हणं, घड्याळ इसरलाय तुमी. न्यायला या. चहा ठिवतोय."