मासळीचं माहेर

कोलशेतची भागीरथी धवलारीण, लग्नात विधीची गाणी गाणारी. तोंडाची फटकळ. एक्क्याण्णव साली कॉलेजच्या एक बाई खाडीवर चित्रं घेऊन आल्या. एकाखाली लिहिलेलं, ‘खारफुटी ही माशांची रोपवाटिका.’ कोळणी फिदीफिदी हसल्या. मासे काय कुंडीत लावतात?

बाईंनी समजावलं, मासळीची पिल्लं खारफुटीच्या, म्हणजे तिवरांच्या मुळांतच मोठी होतात.

“मंग माहेर म्हन ना, बाय,” भागीरथी म्हणाली. “बाळंतपनाला येते ती.”

बाईंनी तिथल्या तिथं रोपवाटिका खोडली. पुढच्या लग्नात भागीरथीनं देवांबरोबर तिवरांनाही धवल्याच्या गाण्यातून आवतण दिलं, मासळीचं माहेर म्हणून.

दुसऱ्या सकाळी तिची सून सगुणा तिवरांचं सरपण आणायला कोयता घेऊन निघाली. उंबऱ्यात थबकली. मग कोयता खाली ठेवून, डबा उचलून रॉकेलच्या रांगेत गेली.