वेल्सचे वकील

इथे हॉलंडात, अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ट्राममध्ये हे गृहस्थ मला रोज भेटतात आणि रोज वेल्सची बाजू लढवतात. कुठल्याशा प्रोजेक्टवर सहा महिने कार्डिफला होते, तेवढंच भांडवल. वाफ धरलेल्या काचेवर बोटाने नकाशा काढतात: वर डोंगर, मध्ये डोंगर, खाली कार्डिफ, उजवीकडे इंग्रज.

"तुम्हाला म्हणून सांगतो, वेल्स हे नाव इंग्रजांनी ठेवलंय. अर्थ काय, तर परके! ते बिचारे स्वतःच्या देशाला म्हणतात कम्री, म्हणजे आपल्या माणसांचा देश. मागाहून येऊन घरच्यांनाच परकं म्हणायचं? काय हा निर्लज्जपणा!" माझा स्टॉप आला तरी इंग्रजांची सुटका नसते.

यंदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दाराशी बिल्ले वाटायला हेच बसले होते. मराठी माणसाला केशरी, 'आपले'. इतरांना पांढरा, 'बाहेरचे'. एक सुरिनामी हिंदुस्तानी आजी आरतीला आल्या; पूर्वज भारतातून सुरिनामच्या डच वसाहतीत गेलेले, आईवडील तिथून इथे आलेले. "मेरा तो जनम ही यहाँ का है," त्या हसून म्हणाल्या. चार वर्षांपूर्वी व्हिसावर आलेल्या आमच्या वकिलांनी त्यांना पांढरा बिल्ला लावला. मी माझा केशरी लावून आत शिरलो.

आरतीच्या धुराने अलार्म वाजला आणि हॉलचा रखवालदार डचमध्ये ओरडत आत आला. आम्हा केशरी बिल्लेवाल्यांपैकी एकालाही धड उत्तर देता येईना. तेव्हा आमचे वकील गर्दीतून वाट काढत आजींकडे धावले.

"माँजी, आप तो हमारे ही हो! जरा इसको समझाओ ना!"