सतराव्या पानावरचं टिंब

बडोद्यात मला आसरा देणाऱ्या सुलभाकाकू वाचनालयाच्या कादंबरीत, सतराव्या पानावर, निळ्या पेन्सिलीनं टिंब काढत होत्या.

"हे कशाला, काकू?"

"वाचलेली ओळखू यावी म्हणून. सगळ्या सारख्याच असतात रे."

मला संताप आला. एवढ्या खपणाऱ्या कादंबरीत लक्षात राहील असं एक माणूस असू नये? सातवीत शाळा सुटल्यावर अशाच पुस्तकांनी मला वाचतं ठेवलं, ते उपकार आहेतच. पण म्हणून वाचकाला इतकं गृहीत धरायचं?

"आणि माझी कादंबरी?" मी भीतभीत विचारलं.

"तुझी कशी विसरेन?"

दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी माझी कादंबरी उघडली. सतराव्या पानावर निळं टिंब होतं.