पाच हजार पाहुण्यांचा श्रावण

माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वऱ्हाड मी कोकणातून एस.टी.ने आणलं. पाच हजार जण होते. पुठ्ठ्याच्या खोक्यांत, प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकेक जण तांदळाच्या दाण्याएवढा. कंडक्टरनं खोक्यावर टिचकी मारली.

"काय हाय ह्यात?"

"कोळंबीचं बी."

"जित्तं?"

"जित्तं की."

"मग तिकीट कसं फाडू? सगळी लहानच दिसत्यात. हाफ लावू?"

अख्खी गाडी हसली. शेवटी त्यानं खोक्यांचं लगेज फाडलं, पण घाटातल्या प्रत्येक वळणावर तो मागं वळून ओरडायचा, "वऱ्हाड खुशाल हाय न्हवं?" आणि मी खोक्याला कान लावून, डॉक्टरच्या थाटात मान हलवायचो.

नव्वदीची अखेरची वर्षं होती. गडहिंग्लजजवळ आमची शेती, आणि शेतात वीटभट्टीला माती विकून झालेला वीस गुंठ्यांचा खड्डा. आजूबाजूच्या उसाचं पाणी पाझरून त्यात बारमाही पाणी असे. त्या खड्ड्यात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी होते, असं मी दोन दिवसांच्या शिबिरात ऐकून आलो होतो आणि तेवढ्यावर स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो. अडचण एकच. आमचं घर लिंगायत. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गळ्यात लिंग आणि कपाळावर विभूती. त्यांच्या पुढ्यात उभं राहून "मी कोळंबी पाळणार" म्हणणं हा माझ्या नाट्यजीवनातला सर्वांत अवघड प्रवेश. मी तो तीन वेळा म्हशीसमोर तालीम करून मग सादर केला.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाळ. खाणारं खात्यात, त्यांचं त्यांच्यापाशी. पण सुकटीचा वास घरात न्हाय आला पायजे. आणि दिवाळीपातूर खड्ड्यानं आपला खर्च काढून वर चार पैसं दावलं तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर पोयटा भरून ऊस लावायचा. साकु!"

'साकु' म्हणजे पुरे. अप्पा कानडीत शिरले की विषय संपला असं समजायचं.

सुकटीचा प्रश्न शेजारच्या काकींनी सोडवला. त्यांचं घर मराठ्यांचं, मटण-मासळी चवीनं खाणारं. कोळंबीच्या खाद्यात शेंगपेंड आणि भाताचा कोंडा यांच्याबरोबर सुकटीची पूड घालावी लागते. ती पोती काकींनी त्यांच्या गोठ्यात ठेवून घेतली. "तुमच्या घरातली माणसं देवाची, वास मात्र माझ्या गोठ्याला," म्हणायच्या, आणि खाद्य मळायलाही बसायच्या. कोळंबी कात टाकते तेव्हा मऊ पडते आणि बाकीच्या तिला खातात, म्हणून लपायला आडोसा लागतो. त्याकरता काकींनी आपल्या परड्यातली फुटकी कौलं दिली. एक पैसा घेतला नाही.

बी सोडलं महाशिवरात्र झाली त्याच आठवड्यात. हिशेब सोपा होता. साडेपाच महिन्यांत माल तयार. खर्चाची वही मी छातीशी धरून फिरत होतो: बी, खाद्य, पाणी ओढायचं डिझेल, जाळं. आषाढ संपता संपता जाळ्यात हातभर नांग्यांची कोळंबी येऊ लागली, तेव्हा मी डझनभर डब्यात घालून थेट कोल्हापूरच्या बाजारात मासळीच्या व्यापाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो. डब्याचं झाकण मी असं उघडलं, की आत जणू राजमुकुट असावा.

व्यापाऱ्यानं एक नग उचलला, उलटापालटा केला. खूश झाला. "झकास हाय माल. कधी काढताय?"

"येत्या सोमवारी."

त्यानं नग परत डब्यात टाकला. मग आतल्या माणसाला हाक मारली, "अरं, बाहीर ये. पावणं श्रावणातल्या पयल्या सोमवारी कोळंबी इकाय निघाल्यात!"

"मग?" मी म्हणालो.

"मग? अवो, सोमवारी मी सोता उपास करतोय की! काल गटारी झाली. आता अख्खं कोल्हापूर रस्स्याची पातेली पालथी घालून बसलंय. श्रावण, मग गणपती, मग पितर, मग नवरात्र. तुम्ही ऱ्हाता कुठं?"

मी राहत होतो बारा महिने श्रावण पाळणाऱ्या घरात. आमच्याकडं त्या महिन्यात ताटातलं काहीच बदलत नसे. दुसऱ्यांच्या ताटातून काय उठतं, हे मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बियाचा दर, पेंडेचा दर, पाण्याची खोली, सगळं वहीत होतं. खाणारा माणूस कधी खातो, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

"आत्ताच द्यायचं असलं तर निम्म्या भावानं घेतो, बर्फात घालून गोव्याला धाडतो," व्यापारी म्हणाला. "न्हाईतर दसरा झाल्यावर या. तवा माणसं वखवखलेली असत्यात."

निम्म्या भावात खर्चही निघत नव्हता, म्हणजे खड्ड्यावर पोयटा. थांबायचं तर आणखी दोन महिने पाच हजार तोंडांना चारायचं, आणि खाद्याला ठेवलेले पैसे संपलेले. घरी आलो. अप्पांना सगळं सांगताना या वेळी तालीम केली नाही. मान खाली घालून सरळ सांगून टाकलं.

अव्वा, म्हणजे माझी आई, आतून खुदकन हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आज त्यांस्नी काय घातलंस?"

"काय न्हाय. पेंड संपली."

अप्पा उठले, म्हशीच्या पेंडेचं पोतं खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. मी मागं धावलो. "अप्पा, ती म्हशीची हाय."

"श्रावणात दासोहाला आलेलं कोण उपाशी गेलंय व्हय आजवर?" दासोह म्हणजे मठात येईल त्याला जेवू घालायची आमची चाल. तिच्यात आता नांगेवाले पाहुणे बसले होते.

तिथून पुढं रोज सांजच्याला अप्पा तळ्यावर. पेंडेचे गोळे काठाकाठानं सोडायचे आणि निळ्या नांग्यांचे दांडगे नर पुढं घुसले की पंगतीत वाढणाऱ्यासारखे ओरडायचे, "ए दांडग्या, मागं सर! बारक्यांस्नी बी मिळू दे." सुकटीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती काकी येऊन टाकून जायच्या, आणि तेवढा वेळ अप्पा पाठ करून उसाकडं बघत उभे राहायचे. घरी अव्वा धार काढून चरवी माझ्यापुढं आदळायची. "बघ किती आलं. माझी म्हस तुझ्या किड्यांसाठनं उपास करतीया."

दसरा झाला आणि व्यापारी काटा घेऊन पहाटे हजर झाला. त्या दिवशी अप्पांची पूजा संपेचना. घंटेचा आवाज तळ्यापर्यंत येत होता. जाळ्याची एक दोरी मी धरलेली, दुसरी काकींच्या मालकांनी, आणि काकी काठावर व्यापाऱ्याशी भिडलेल्या.

"ह्यो भाव? अवो, पेंडेवर वाढलेला माल हाय. मी खाऊन बघितलाय. तुमच्या खाडीच्या कोळंबीला हाय का असली गोडी?"

"तुमी कवा खाल्ला?"

"गटारीला! हे सगळं घर शाकाहारी, मग चव कोण सांगणार? मी सांगितली."

खरी गोष्ट होती. माझ्या धंद्यातली एकमेव जीभ काकींची होती. त्यांनी किलोमागं वीस रुपये वाढवून घेतले. दांडग्यांनी बारक्यांना खाऊन नग कमी झाले होते, पण उरलेले दोन महिन्यांत असे फुगले होते, की काट्यानं एकशे चाळीस किलो दाखवले. म्हशीची पेंडही खर्चात धरून तेरा हजार हातात उरले. तेवढ्या जागेतल्या उसापेक्षा थोडे जास्तच.

वही मी अप्पांपुढं ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"नग किती गेलं?"

"दोन हजाराच्या वर."

त्यांनी वही तशीच माझ्याकडं सरकवली. सांजच्याला पायांच्या सवयीनं पेंडेची पाटी घेऊन तळ्यावर गेले. पाणी रिकामं होतं. मी मागं जाऊन उभा राहिलो आणि पोयट्याच्या गाड्यांचा विषय निघायची वाट बघू लागलो.

अप्पा बोटांच्या पेरांवर महिने मोजत होते.

"पुढच्या साली बी मृगात सोड," ते म्हणाले. "म्हंजे श्रावणभर ती आपल्याकडंच ऱ्हात्यात."

तळं नऊ वर्षं चाललं. दोन वर्षं तोट्यात गेली, बाकीच्या वर्षांनी घर सावरलं, नवा गोठाही बांधला. कोळंबीची चव मला आजही ठाऊक नाही. पन्नाशी उलटली तरी ताटावर बसलो की माझ्या घासाचे मानकरी आठवतात: काकी, अप्पा आणि ती उपाशी म्हैस. त्या सांजेला अप्पांनी हातातली पाटी माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "ही म्हशीला घाल जा. तिचा उपास सोडायचा ऱ्हायलाय."