बदामाचा एक्का आणि सुधीरकाकांचा कान

ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीत सुधीरकाकांइतका सज्जन माणूस नाही. लिफ्टमध्ये मुंगी शिरली तरी ते तिला आधी मजला विचारतील. फक्त रविवारी त्यांच्या घरी मेंढीकोटचा डाव मांडला, की हा देवमाणूस बायकोला हाताशी धरून बिनदिक्कत लबाडी करतो. कान खाजवला, म्हणजे बदामाचा एक्का आपल्याकडे. चष्मा पुसला, म्हणजे हुकूम संपले. समोर बसलेल्या सुमतीकाकू त्याप्रमाणे पानं टाकतात आणि मी न् माझी बायको कल्पिता रीतसर हरतो.

गेल्या रविवारी काकांनी कान खाजवला. काकूंनी निर्धास्तपणे बदामाची दश्शी, या खेळातलं सगळ्यात मोलाचं पान, टाकली आणि एक्का निघाला माझ्याकडे! मी असा ओरडलो, की खालून वॉचमन धावत आला.

या रविवारी काका चहा ठेवायला आत गेले आणि काकूंनी पानं पालथी घातली.

"ऐका. आम्ही इतकी वर्षं खुणा करून खेळतो."

"माहितीये, काकू," कल्पिता म्हणाली.

"मेल्यांनो! मग बोलला नाहीत ते?"

"काका इतक्या मनापासून फसवतात, मोडवत नाही हो."

काकू हसल्या नाहीत. "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर विचारलं, कान का खाजवलात? म्हणाले, खाजला म्हणून. कानाचा न् एक्क्याचा काय संबंध? वाटलं, फिरकी घेतायत. पण चेहरा बघितला..."

गणपतीपासून खुणा चुकताहेत, हे आमच्याही लक्षात आलं होतं. पण आम्हाला वाटलं, त्यांनी खुणा बदलल्या! नव्या ओळखायला आम्ही घरी डोकेफोड करत होतो.

"अपूर्व म्हणतो, आई, बाबांचं वय झालं. डॉक्टरांना तरी काय सांगू? नवरा लबाडी विसरला?"

काका चहा घेऊन आले. पानं वाटली. काकांनी कान खाजवला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी काकूंनी दश्शी टाकली.

काकांनी धाडकन बदामाचा एक्का आपटला. "बघ सुमती! केली की नाही खूण वेळेवर?"

हे आमच्यादेखत! खूण आठवली होती. ती आमच्यापासून लपवायची असते, एवढंच गेलं होतं. की आज खरंच फिरकी होती? काका तर खुशीत चहाचे भुरके मारत होते.

काकूंनी जिंकलेला हात उचलला आणि हळूच म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात तुम्हीही चला. खुणा तुम्हालाही पाठ आहेत."