बिनतुपाचा आखाड

माझ्या सासऱ्यांना सकाळचा पेपर मोठ्याने वाचायची सवय आहे, ऐकायला कुणी असो वा नसो. आखाड नुकताच लागला होता. मी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते आणि ते बातमी वाचत होते: कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या फिट येणाऱ्यांना आणि मेंदूला सूज आलेल्यांना उपयोगी पडतील का, यावर संशोधन सुरू आहे.

त्यांनी चष्मा काढून आत हाक मारली, "बायो, जल्दी इकडं ये. तुझं औषध माझ्याच डबीत निघालं."

बायो म्हणजे माझी लेक. लहानपणी तापात तिच्या मेंदूला सूज आली आणि फिट सुरू झाल्या. गोळ्या लागू पडल्यापासून मात्र बराच काळ एकही आली नव्हती. आता तिला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि हॉस्टेलला राहायचं होतं. मी तोंडाने म्हणत होते, डॉक्टरांना विचारू. मनात म्हणत होते, ते नको म्हणाले तर बरं.

हृदयाच्या दुखण्यापासून सासऱ्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. ती त्यांनी तळहातावर धरली. "अर्धी तुला, अर्धी मला." आमच्याकडे ही रीतच आहे. एकाच्या खोकल्याचं औषध अख्ख्या घराला, एकाचं मलम सगळ्यांच्या गुडघ्यांना.

मी गोळी परत डबीत टाकली. "मामा, डॉक्टरांना विचारल्याबिगर न्हाई."

"मंग नुसतं बसून राहायचं?"

नुसतं बसणं मला कधीच जमलेलं नाही. मी हिशोब मांडला: कोलेस्टेरॉल कमी करून फिट थांबणार असेल, तर ते घरातच येऊ दिलं नाही म्हणजे झालं. तूप बंद, लोणी बंद, तळण बंद. तेही भर आखाडात, जेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरी कढई चढलेली असते. शेजारच्या काकू गूळ घालून तळलेल्या कापण्यांचं ताट घेऊन आल्या, ते मी दारातूनच परत पाठवलं.

"काय वो, सुतक हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

नियम सगळ्या घराला सारखा, त्यामुळे सासरेही सापडले. कोरड्या भाकरीकडे बघून ते म्हणायचे, "ही आपली कोरडवाहू." लेक म्हणायची, "आई, मी भुकेनं चक्कर येऊन पडणार, आन् तू म्हणशील फिट आली."

अखेर आम्ही तिघं जालन्याला डॉक्टरांकडे गेलो. सासऱ्यांनी बातमीचं कात्रण खिशातून काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"बातमी खरी आहे," ते म्हणाले. "मेंदूतली सूज आणि फिट एकमेकींना वाढवतात. या गोळ्या कोलेस्टेरॉलबरोबर सूजही कमी करत असाव्यात, म्हणून तपासून बघतायत. पण माणसांवर अजून पक्कं काही नाही. शिवाय तिच्या गोळ्यांशी ही गोळी जमेल का, तेही बघावं लागतं. तेव्हा आजोबा, तुमची गोळी तुम्हालाच."

"आन् तूप?" लेकीने विचारलं.

"तुपाचं काय?"

मी माझी योजना सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, काही मुलांच्या फिट थांबाव्यात म्हणून आम्ही देखरेखीखाली भरपूर तूप-लोण्याचं जेवण देतो. हिला त्याची गरज नाही. पण तूप बंद करायचीही गरज नाही."

लेकीने माझ्याकडे वळून जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. सासरे तर एवढे हसले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. मग मलाही आवरेना.

हसू थांबल्यावर तिनेच हॉस्टेलचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे. गोळ्या वेळेवर, झोप पुरेशी, आणि फिट आली तर काय करायचं ते खोलीतल्या मैत्रिणींना माहीत पाहिजे."

मनात लपवून ठेवलेला नकार मी कुठे ठेवू, तेच कळेना. शेवटी परत येताना आमच्या बदनापूरला उतरून आधी तूप घेतलं.

संध्याकाळी अंगणात लेकीने आमची तालीम घेतली. "तुम्हाला जमलं तर हॉस्टेलातल्या पोरींना पण जमंल." पेशंट म्हणून सासरे खुशीत चटईवर आडवे झाले. मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी दिली, कॉलर सैल केली, तोंडात काही घातलं नाही, घड्याळाकडे बघत राहिले. तेवढ्यात फाटकातून काकू आल्या आणि सासऱ्यांना बघून, पायातली चप्पल काढून, त्यांच्या नाकाशी धरायला धावल्या.

"चप्पल न्हाई, काकू," लेक मध्ये उभी राहिली.

"मंग कांदा आणू का?"

"कांदा नको," सासरे डोळे मिटूनच म्हणाले. "कापण्या आणा. पेशंटला शुद्ध येऊन राह्यली."

काकूंनी आधी चप्पल टाकली, मग कपाळावर हात मारला आणि ताट आणायला घरी गेल्या. लेक माझ्या शेजारी टेकली.

"तू पास झालीस आई," ती म्हणाली. "आता बॅग भरायला लाग."

बॅगेची यादी माझ्याकडे तयारच होती. तिच्यात मी सगळ्यात वर तुपाची बरणी लिहिली.